रानातला मलबा कुणाच्या घरचा?

गेल्या महिन्यात याच सदरात मी टेकडीवरच्या पळसांबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांत पळसाबद्दल दोन ओळी आणि कचऱ्याबद्दल दोन पानं, असंच बहुतेकांचं झालंय. मी ३४ वर्षं वनखात्यात काढली, रेंजर म्हणून निवृत्त झालो. आता इंदूरच्या लोकमान्यनगरात राहतो आणि आठवड्यातून दोनदा तरी खंडवा रोडकडच्या रानात चक्कर मारतो. तुम्ही पत्रांत जे लिहिलंय ते मीही रोज बघतो. म्हणून या वेळी झाडांचे प्रश्न बाजूला ठेवून कचऱ्याचेच घेतो.

प्रश्न : आमची कॉलनी बायपासच्या पलीकडे आहे. मागे वनखात्याची जमीन, साग-पळसाचं विरळ रान. वर्षभरापासून रात्री अकरानंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात आणि मलबा ओतून जातात. एका ठिकाणी फोन केला तर म्हणाले, जंगल आहे, जंगलवाले बघतील. दुसरीकडे म्हणाले, कचरा आहे, तो आमचा विषय नाही. तिसरीकडे म्हणाले, आमच्या हद्दीत येत नाही. काय करावं? — एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदूर

भाऊसाहेब, तिन्ही ठिकाणी तुम्ही बहुधा 'कॉलनीच्या मागे' असं सांगितलं असणार. सरकारी कागदावर कॉलनीच्या मागे नावाची जागा नसते. वनखात्याच्या कागदावर कक्ष क्रमांक असतो, महसुलाच्या कागदावर खसरा नंबर असतो. तो आकडा तुमच्या हातात आला की टोलवाटोलवी निम्मी कमी होते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं आहे.

सकाळी उजेडात रानाच्या कडेकडेनं चाला. हद्दीचे मुनारे दिसतील. दगड-सिमेंटचे असतात, त्यांवर आकडे रंगवलेले असतात. ढिगाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुनाऱ्याचे आकडे टिपून घ्या. एखादा मुनारा ट्रॉलीच्या धक्क्यानं मोडला असेल तर त्याचा वेगळा फोटो काढा, कारण हद्दीची खूण जाणूनबुजून मोडणं किंवा हलवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मग रेंजर कार्यालयात लेखी अर्ज द्या. दोन प्रती काढा, एकीवर आवकचा शिक्का घ्या. आठ दिवसांनी जाऊन फक्त एकच प्रश्न विचारा, 'पीओआर कटली का, नंबर काय?' गुन्ह्याची पहिली नोंद म्हणजे पीओआर. ती नाकेदाराच्या, म्हणजे वनरक्षकाच्या, पुस्तकात एकदा लिहिली गेली की पान फाडता येत नाही. नुसत्या फोनची कुठंही नोंद राहत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. मलबा टाकायला आलेली ट्रॉली परत जाताना रिकामी जाते का? माझ्या नोकरीत तरी ती क्वचितच रिकामी गेली. येताना विटांचे तुकडे आणि जाताना मुरूम, असा त्यांचा दुहेरी फेरा असतो. रानातली माती, मुरूम, दगड ही कायद्यानं वनोपज आहे. वनोपजाच्या चोरीत वाहन जप्त होऊ शकतं, आणि ट्रॅक्टरवाला दंडाला भीत नाही, ट्रॅक्टर जाण्याला भितो. तुमच्या ढिगाशेजारी ताजी खोदलेली जागा दिसली, तर अर्जात ती आधी लिहा आणि मलबा नंतर.

जमीन वनखात्याची नसून नुसती सरकारी पडीक निघाली, तर एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जा. सार्वजनिक जागेवरचा उपद्रव हटवण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आहे. जुन्या संहितेत हेच कलम १३३ होतं, आणि त्याचा सगळ्यांत गाजलेला खटला आपल्या माळव्यातला आहे. रतलामच्या एका वस्तीतले लोक उघड्या गटारांच्या घाणीला कंटाळून मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला तिच्या कर्तव्यातून सोडवू शकत नाही. मी तरुण नाकेदारांना हा निकाल आवर्जून सांगत असे. अर्ज करणारे साधे वस्तीतले लोक होते, आणि जागा आपल्यापासून दोन-अडीच तासांवरची.

पण भाऊसाहेब, अर्ज, पीओआर, आदेश हे सगळं ढीग पडल्यानंतरचं आहे. मला तुम्हाला त्याच्या आधीचं सांगायचंय.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका जानेवारीत मी आणि एक नाकेदार एका ताज्या ढिगापाशी गेलो होतो. एकाच घराचा मलबा होता, ते लगेच कळत होतं. ओट्याचा काळा ग्रॅनाइट तीन तुकड्यांत फुटलेला, गुलाबी टाइल्स, जुन्या दाराची चौकट आणि तिला अजून चिकटलेलं प्लास्टिकचं तोरण. चौकटीवर पेन्सिलीनं आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख. घरातल्या मुलाची उंची दर वाढदिवसाला मोजत असणार. त्या रेघांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. नाकेदारानं तोवर काठीनं ढीग उकरून नळाच्या तोटीचं एक खोकं काढलं. त्यावर कुरिअरची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर पत्ता.

आम्ही संध्याकाळी त्या घरी गेलो. चांगलं, मराठी, सुशिक्षित घर. दारात रांगोळी. गृहस्थांनी आधी पाणी दिलं, मग कामाचं विचारलं. मी फोटो दाखवले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'साहेब, मी ठेकेदाराला मलबा उचलण्याचे वेगळे पैसे दिलेत. तो कुठं टाकणार हे मी विचारलंच नाही.' आतून त्यांच्या पत्नी आल्या, त्यांनी फोटोतली चौकट ओळखली आणि तिथंच खाली बसल्या. ती चौकट त्यांना ठेवायची होती. गडबडीत मजुरांनी ट्रॉलीत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतः दोन मजूर आणि गाडी घेऊन आले. दोन खेपांत ढीग उचलला गेला. पीओआर झाली, ठेकेदाराला बोलावणं गेलं, ते व्हायचं ते झालं. पण त्यानंतर त्यांच्या गल्लीत ज्याच्या ज्याच्या घराचं काम निघालं, त्याला ते जाऊन विचारत की तुमचा मलबा कुठं जाणार आहे. गल्लीतल्या ठेकेदारांना हे माहीत झालं. माझ्या ३४ वर्षांत कुठल्या पाटीनं किंवा दंडानं झालं नाही एवढं काम त्या एका प्रश्नानं केलं.

म्हणून तुमच्या कॉलनीत हेच करा. रात्री ट्रॉली अडवायला जाऊ नका. अंधारात दोन माणसं आणि एक ट्रॅक्टर समोरासमोर आले की काय होईल याचा भरवसा नाही, आणि चालवणारा बहुतेक वेळा दिवसाच्या मजुरीवरचा पोरगा असतो. त्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून हाती काही लागत नाही. दूरून नंबर आणि वेळ टिपा आणि ते अर्जाला जोडा. दिवसा आजूबाजूला कुठल्या घरांचं तोडकाम चाललंय ते बघा. ट्रॉली लांबून येत नाही, डिझेल परवडत नाही. मालकांना भेटा आणि मलब्याची पावती मागायला सांगा. मलबा कुठं उतरला त्याची पावती किंवा फोटो आल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही. आपल्या शहरात देवगुराडियाला मलब्यापासून विटा आणि पेव्हर ब्लॉक करणारा कारखाना आहे, निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, ३११ अ‍ॅपवर तक्रार आणि मागणी करता येते. कायदेशीर वाट नाही म्हणून कुणी रानात जातं, असं आपल्या इंदुरात म्हणता येणार नाही.

आणि वाट बंद करा. ट्रॉलीला आत शिरायला बहुधा एकच गाडरस्ता असतो. त्यावर आडवी खंती खोदून घ्या, किंवा मोठे दगड लावून घ्या. हे काम वनखात्याकडून करवून घ्या, स्वतः खोदू नका. मात्र सरपणाला आणि मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायकांना पायी जाता येईल एवढी फट राहू द्या. ती वाट बंद केलीत तर रानात दिवसभर वावरणारी, सगळं पाहणारी माणसंच नाहीशी होतील, आणि मग राखणाला कुणी उरणार नाही.

पहिली ट्रॉली पडली की आठवड्याच्या आत ती उचलली गेली पाहिजे. दुसरी ट्रॉली पहिलीला पाहूनच येते. ढिगात पिवळ्या किंवा लाल पिशव्या, सुया, सलाइनच्या नळ्या दिसल्या तर मात्र हात लावू नका. दवाखान्याच्या पिशव्यांवर २०१६ च्या नियमांप्रमाणे बारकोड असायला हवा. त्याचा स्पष्ट फोटो काढा आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवा. दवाखाना कुठला ते त्यावरून कळतं.

प्रश्न : आमची मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. ती म्हणते, तिकडे असं कुणी करूच शकत नाही. हे खरं आहे का? — एक वाचक, सुदामानगर

ताई, करतात, तिकडेही करतात. रात्रीच करतात, आणि जंगलाच्या आडवाटेलाच करतात. त्यांच्या भाषेत त्याला वेगळा शब्द आहे म्हणजे प्रकार नेहमीचाच असणार. फरक असलाच तर एका गोष्टीत आहे, आणि ती मला मनापासून पटते. तिथं घरमालकावर जबाबदारी टाकलेली आहे. त्यांच्या १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली घरातला कचरा नोंदणी असलेल्या वाहतूकदारालाच द्यायचा असतो. 'एक गाडीवाला आला, स्वस्तात घेऊन गेला' असं झालं आणि तो कचरा रानात सापडला, तर घरमालकालाही दंडाची नोटीस येते. इंग्लंडात २०२३ पासून ही रक्कम ६०० पौंडांपर्यंत जाऊ शकते. टाकणाऱ्याची गाडी जप्त करून चिरडूनही टाकता येते.

आपल्याकडे याचं बीज नाही असं समजू नका. मलब्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये वेगळे नियम काढले, त्यांत अगदी पहिली जबाबदारी मलबा निर्माण करणाऱ्यावर टाकली होती. गोळा करणं, वेगळा करणं, रस्त्यावर किंवा नाल्यात न सांडता ठरलेल्या जागी पोचवणं, हे सगळं त्याचं काम. दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा निघणार असेल तर त्या नियमांप्रमाणे आधी आराखडाही द्यावा लागे. पण एका स्वयंपाकघराची दोन ट्रॉल्या भिंत पाडणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि रानात येतात त्या याच दोन-दोन ट्रॉल्या. मुलीला सांगा, इकडे आली की तिनं तुमच्या सोसायटीच्या बैठकीत तिकडची ही पद्धत समजावून सांगावी. तिच्या तोंडून लोक ऐकतील.

प्रश्न : आमची भिशी दर पावसाळ्यात दाल-बाफल्यांची सहल काढते. या वर्षी चोरलकडे गेलो होतो. निघताना मी पत्रावळी-ग्लास गोळा करायला लागले तर मैत्रिणी म्हणाल्या, 'अगं, असू दे, उद्या झाडूवाले येतील.' मला वाईट वाटलं, पण भांडण नको म्हणून गप्प बसले. — रामबाग, इंदूर

ताई, तुमच्या मैत्रिणींचं ते वाक्य फक्त इंदूरकरच म्हणू शकतात. २०१७ पासून वर्षानुवर्षं आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, पहाटे गल्लीत घंटागाडीचं गाणं वाजतं, देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. याचा मला अभिमान आहे, आणि पहाटे झाडणाऱ्या त्या बायांचे उपकार आपण कधी फेडू शकणार नाही. पण त्या घाटातल्या रानात येत नाहीत. चोरलच्या रानात उद्या सकाळी रोही, म्हणजे नीलगाय, येते, माकडं येतात, गावची गुरं येतात. वरणाचा वास लागलेली पिशवी गाय नुसती चाटत नाही, गिळते. एका गावात मेलेल्या गाईचं पोट फाडताना मी उभा होतो. आतून निघालेला गोळा दोन हातांत मावत नव्हता, आणि त्यातल्या एका पिशवीची गाठ तशीच्या तशी होती.

भांडू नका. पुढच्या वेळी फक्त निघण्याआधी व्यवस्था बदला. भांडी-ताटल्या घरच्या न्या, किंवा पळसाच्या पानांच्या पत्रावळी-द्रोण घ्या. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास-चमचे-ताटल्या तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. गाडीच्या डिकीत एक रिकामं पोतं ठेवा आणि ते तुम्ही नाही, भिशीतल्या सगळ्यांत धाकट्या मुलाच्या हातात द्या. मुलं हे काम हौसेनं करतात आणि आयांना मग टाकता येत नाही. चूल मांडली असेल तर निखाऱ्यांवर पाणी ओता, राख हातानं चाचपून गार झाल्याची खात्री करा, मगच निघा. आणि हे लक्षात असू द्या की राळामंडळसारख्या अभयारण्यात नुसता कचरा टाकणं हासुद्धा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ मध्ये ते स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. बायकांना घाबरवायला नाही सांगत. पण कुणी 'एवढ्याशानं काय होतं' म्हणालं तर तुमच्या हाताशी असावं.

प्रश्न : देवांच्या जुन्या तसबिरी आणि निर्माल्य टेकडीवरच्या वडाखाली ठेवतो. हेही चूकच का? — महू

काका, तुमचा भाव मला कळतो. माझी आईही तेच करायची. पण त्या वडाखाली आज फुटलेल्या काचा आहेत, आणि तिथं अनवाणी पोरं गुरं घेऊन येतात. तसबीर घरीच उघडा. काच आणि फ्रेम सुक्या कचऱ्यात, वेगळी बांधून, गाडीवाल्याला सांगून द्या. कागद पाण्यात भिजवून लगदा करून तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत घाला. निर्माल्यही कुंडीतच, दोरा आणि प्लास्टिक काढून. देव घरच्या मातीत राहतील, याहून चांगली जागा कुठली?

प्रश्न : आजोबा, मी नववीत आहे. आमच्या शाळेनं टेकडीवरचा मलबा उचलायला मदत केली. पण जागा उघडीबोडकीच दिसते. मलबा काढल्यावर झाडं परत येतात का? — लोकमान्यनगर

बाळा, येतात, पण पहिल्या वर्षी नाही. मलब्यात चुना आणि सिमेंट असतं, पावसात ते खाली झिरपून माती बिघडवतं. ट्रॉलीच्या चाकांनी आणि वजनानं माती इतकी दाबली जाते की पाणी मुरत नाही, वरून वाहून जातं. शिवाय मलब्याबरोबर शहरातल्या तणांचं बी येतं. पहिल्या पावसात तिथं गाजर गवत उगवेल, ते नक्की. ते फुलायच्या आधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून आणि बाही पूर्ण खाली ओढून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते आणि काहींना दम लागतो. शाळेच्या बाईंना सांग, ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरात एकदा जा. जागा कुदळीनं वरवर मोकळी करा, पण खोल खणू नका, खाली जिवंत मुळं असतात.

वर मी ज्या ढिगाची गोष्ट लिहिली, पेन्सिलीच्या रेघांच्या चौकटीची, ती जागा मी अजून बघतो. पहिली दोन वर्षं तिथं गवताशिवाय काही नव्हतं, आणि तेही पिवळं. मी तिथं झाडं लावायचा विचार करत होतो. एका म्हाताऱ्या नाकेदारानं मला थांबवलं, म्हणाला, साहेब, शेजारी पळस आहे, त्याला येऊ द्या. पळस मुळांवरून फुटतो, हे पुस्तकात मी वाचलं होतं, पण धीर त्याच्याकडे होता. तिसऱ्या पावसाळ्यात बोटभर उंचीचे, तीन-तीन पानांचे फुटवे वर आले. पानं इतकी कोवळी की मागून ऊन आलं की त्यांतल्या शिरा दिसायच्या. गुरांनी काही खाल्ले, एका उन्हाळ्यात वणव्यानं काही जळाले, ते पुन्हा फुटले. या जुलैमध्ये मी मोजले, तेव्हा १९ होते. सगळ्यांत उंच माझ्या खांद्याला लागतो. तुमच्या जागेशेजारी पळस आहे का ते बघून मला कळव.